नळीतली गाळणी

केमोच्या डे-केअरमध्ये पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाची बाटली टांगली की नळीवर, पेशंटच्या हाताच्या बाजूला, एक चपटी पारदर्शक डबी दिसते. आत पांढरा पडदा, बाजूला हवा निघून जायला बारीक भोकं आणि औषध कोणत्या दिशेनं जायचं ते सांगणारा बाण. हा इन-लाइन फिल्टर. पेशंटचं लक्ष बाटलीकडे असतं, नातेवाइकांचं थेंबांकडे. या डबीकडे क्वचितच कोणी बघतं, म्हणून मी, इथली सिस्टर, मुद्दाम ती हातात धरून दाखवते.

या पडद्याची भोकं ०.२२ मायक्रॉनची. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. साध्या डोळ्यांना जेमतेम पन्नास मायक्रॉनचा कण दिसतो, तोही प्रकाश नीट पडला तर. म्हणजे बाटली उजेडात धरून ‘स्वच्छ आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या म्हणण्याला फार अर्थ नसतो. नेहमीच्या सलाइनच्या सेटमध्येही थेंब पडतात त्या चेंबरच्या तळाशी एक जाळी असते, पण ती साधारण पंधरा मायक्रॉनची. रक्त चढवण्याच्या सेटची तर १७० ते २०० मायक्रॉनची. घरात चहाची गाळणी वेगळी आणि हळद वस्त्रगाळ करायचं फडकं वेगळं, तसंच हे, एवढं सांगितलं की बायकांना लगेच कळतं. पुरुषमंडळींना आकडे सांगावे लागतात.

आमच्याकडे नाशिकला खानदेशातून बरेच पेशंट येतात. धुळे, शिरपूर, शहादा, तळोदा, नंदुरबार. पहाटेची एसटी धरायची, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. काही महिन्यांपूर्वी शहाद्याकडच्या एका बाईंच्या मुलानं नळीकडे बोट दाखवून विचारलं, ‘ताई, हाई काय शे?’ त्याच्या आईला अंडाशयाचा कॅन्सर होता आणि पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन ही औषधांची जोडी सुरू व्हायची होती. शेतकरी माणूस. ठिबकच्या नळ्या तुंबू नयेत म्हणून पंपाजवळ फिल्टर बसवतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण त्याचा पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. औषध कारखान्यातून सीलबंद येतं, मग त्यात गाळायचं काय?

याचं उत्तर द्यायचं तर औषधाच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते, आणि खानदेशातल्या माणसाला ते सांगताना मला फार बरं वाटतं. कारण या औषधाची रचना ज्यांनी उलगडली त्यांच्यापैकी एक, मनसुख वाणी, १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्यासोबत ते काम करू लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञानं पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा हजारो वनस्पती तपासण्याचा उपक्रम चालू होता, त्यातलंच हे एक झाड. त्या सालीच्या अर्कानं पेशी मरतात हे लक्षात आलं. मग तो अर्क पुन्हा पुन्हा वेगळा करत, प्रत्येक भागाची परीक्षा घेत, शेवटी बारा किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य हाती आलं. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. वॉल आणि वाणी त्याआधी, १९६६ मध्ये, कॅम्प्टोथेसिन नावाचं आणखी एक द्रव्य शोधून बसले होते. आज आतड्याच्या कॅन्सरला देतात ते आयरिनोटेकॅन त्याच कुळातलं. वाणी २०२० मध्ये गेले. नंदुरबारहून येणाऱ्या पेशंटांना हे नाव माहीत नसतं. मी सांगते. आपल्या गावात जन्मलेल्या माणसाचा हात या औषधामागे आहे, हे ऐकून आपल्याच हाताच्या शिरेकडे ती माणसं वेगळ्या नजरेनं बघतात, हे मी पाहिलं आहे.

पण या द्रव्याची एक मोठी अडचण पहिल्यापासून होती. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी ते काम कसं करतं हे दाखवलं: पेशी दुभंगताना आत बारीक नलिका उभ्या राहतात आणि काम झालं की मोडतात. पॅक्लिटॅक्सेल त्या मोडू देत नाही, पेशी अर्ध्यातच अडकते आणि मरते. असं वागणारं औषध तोवर कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे उत्साहात होते. पण पाण्यात न विरघळणारी वस्तू शिरेतून द्यायची कशी? त्यासाठी क्रेमोफोर नावाचं द्रव्य आणि अल्कोहोल असं मिश्रण वापरलं गेलं. क्रेमोफोर एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात. एरंडेल आपल्या घरांना नवीन नाही, पण ते शिरेतून जाणं ही वेगळीच गोष्ट. १९८४ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा काही पेशंटांना इतक्या तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रिया आल्या की सगळं काम थांबतं की काय अशी वेळ आली. मग आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधं द्यायची, औषध सावकाश सोडायचं, अशी पद्धत बसली. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली.

त्या एरंडेलाच्या वंशजामुळे आजही तीन वेगवेगळ्या काळज्या घ्याव्या लागतात, आणि नातेवाइकांच्याच काय, नव्या सिस्टरांच्याही मनात त्यांची सरमिसळ होते. पहिली काळजी ॲलर्जीची. तिच्यासाठी डेक्सा हे स्टेरॉइड, ॲव्हिल हे ॲलर्जीविरोधी औषध आणि आम्लता कमी करणारं इंजेक्शन, आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं पेशंटजवळून न हलणं. दुसरी काळजी नळीची. नेहमीचे सेट पीव्हीसीचे असतात. त्यांना मऊ ठेवायला डीईएचपी नावाचं द्रव्य घालतात, आणि क्रेमोफोर ते नळीतून ओढून घेऊन औषधात मिसळतं. म्हणून नळी नॉन-पीव्हीसी, आतून पॉलिइथिलिनचं अस्तर असलेली. तिसरी काळजी फिल्टरची. औषध क्रेमोफोरमध्ये विरघळलेलं असलं तरी सलाइनमध्ये किंवा डेक्स्ट्रोजमध्ये पातळ केल्यावर ते तसंच राहील याची खात्री काही तासांपुरतीच असते. प्रमाण चुकलं, बाटली तयार करून जास्त वेळ ठेवली, फार हलवली गेली, की त्याचे बारीक स्फटिक सुटू शकतात. म्हणून कंपनीच्या पत्रकातच लिहिलेलं असतं: एका मिलिलिटरमध्ये ०.३ ते १.२ मिलिग्रॅम इतकंच तीव्र ठेवा आणि ०.२२ मायक्रॉनपेक्षा मोठी भोकं नसलेल्या इन-लाइन फिल्टरमधूनच सोडा.

‘फिल्टर लावला ना, मग रिॲक्शन येणार नाही ना?’ हा प्रश्न रोजचा. येऊ शकते. फिल्टर ॲलर्जी अडवत नाही. क्रेमोफोर विरघळलेल्या रूपात सरळ त्यातून पार होतं. पॅक्लिटॅक्सेलची बाटली कधी कधी थोडी धुरकट दिसते, तो धुरकटपणासुद्धा वाहक द्रव्यामुळे असतो आणि फिल्टरमधून गेल्यावरही तसाच राहतो. फिल्टर अडवतो ते घन कण. औषधाचे स्फटिक, बाटलीच्या रबरी बुचातून सुई घुसवताना सुटलेला रबराचा कण, काचेची कपची.

हे कण अडवायचे का, तर शिरेतून गेलेली कोणतीही गोष्ट आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जाते आणि तिथून फुप्फुसात. शरीरातली पहिली बारीक जाळी तिथे. फुप्फुसातल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद की तांबडी पेशीसुद्धा त्यातून अंग चोरून जाते. जो कण दबत नाही, वाकत नाही, तो तिथेच बसतो. औषधांच्या बाटलीत कण पूर्ण शून्य असावेत असा नियम कुठेच नाही, कारण ते शक्यच नाही. अमेरिकी औषधकोशानुसार शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत दर मिलिलिटरला दहा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे पंचवीस कण चालतात. ‘आपल्या फुप्फुसातही एक गाळणी आहे, तिच्यावर हे काम टाकायचं नाही म्हणून ही बाहेरची,’ असं मी त्या मुलाला सांगितलं. त्याला पटलं.

मग सगळ्याच औषधांना फिल्टर लावला तर? हा विचार मनात येणं साहजिक आहे आणि काही ठिकाणी तसं बोललंही जातं. जर्मनीत हॅनोव्हरला अतिदक्षता विभागातल्या आठशेहून अधिक मुलांवर एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नळ्यांना फिल्टर होते त्यांच्यात शरीरभर पसरणारी दाहप्रतिक्रिया कमी दिसली. तो वाचून मला वाटलं होतं की हे सगळीकडेच करायला हवं. पण नवजात बाळांवरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेनं पुरावा पुरेसा नाही असं म्हटलं आहे. आणि केमोमध्ये तर सरसकट फिल्टर लावणं चक्क चुकीचं ठरू शकतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचंच आहे. क्रेमोफोरचा त्रास टाळण्यासाठी अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल तयार झालं. अमेरिकेत २००५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आम्ही त्याला ‘नॅब’ म्हणतो. ही पावडर असते. शंभर मिलिग्रॅमच्या कुपीत वीस मिलिलिटर सलाइन, भिंतीवरून हळूहळू, फेस न करता सोडायचं. तयार झालं की दुधासारखं पांढरं दिसतं. त्यात विरघळलेलं काही नाही. साधारण १३० नॅनोमीटरचे, म्हणजे ०.१३ मायक्रॉनचे कण तरंगत असतात, आणि हे कण म्हणजेच औषध. ते अडवायचे नाहीत, पेशंटपर्यंत पोचवायचे. म्हणून इथे ०.२२ चा फिल्टर लावायचा नाही. आकड्यांकडे बघून कोणी म्हणेल, ०.१३ चा कण ०.२२ च्या भोकातून जाईलच की! कागदावर जातो. प्रत्यक्षात पडदा तुंबू शकतो आणि तो तुंबला तर पेशंटला किती डोस मिळाला हे कोणीच सांगू शकणार नाही. युरोपातल्या पत्रकात पंधरा मायक्रॉनच्या जाळीचा सेट सांगितला आहे, त्यापेक्षा बारीक जाळी तुंबण्याची शक्यता असल्याचा इशारा देऊन. नॅबला नॉन-पीव्हीसी सेटही लागत नाही, आणि बहुतेकांना आधीची ॲलर्जीची इंजेक्शनंही लागत नाहीत. अर्ध्या तासात औषध संपतं.

दोन्ही कुप्यांवर नाव तेच. एकाच कपाटात ठेवलेल्या. एकाला फिल्टर हवाच, दुसऱ्याला नकोच. डोसही सारखे नाहीत, एकाच्या जागी दुसरं देता येत नाही. शिवाय आपल्याकडे पॅक्लिटॅक्सेलची आणखीही नॅनो रूपं मिळतात, त्यांचं प्रत्येकाचं पत्रक वेगळं. मला विचाराल तर केमो वॉर्डातल्या कपाटात या कुप्या वेगवेगळ्या कप्प्यांतच असायला हव्यात आणि प्रत्येक कप्प्यात त्या-त्या औषधाचा सेट त्याच्याच शेजारी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पॅक्लि’ लिहिलेलं असेल तर मी फोन करून विचारते. कितीही गर्दी असो.

लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचंही असंच. चरबीच्या अतिसूक्ष्म थैल्यांत भरलेलं औषध, त्याला इन-लाइन फिल्टर लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. उलट कॅबाझिटॅक्सेलला ०.२२ चा लागतो. डोसेटॅक्सेल याच घराण्यातलं, पण त्याला लागत नाही. टेमसिरोलिमसला पाच मायक्रॉनपर्यंतचा चालतो. निव्होलुमॅबला ०.२ ते १.२, पेम्ब्रोलिझुमॅबला ०.२ ते ५, आणि हे फिल्टर प्रथिनं चिकटवून न घेणारे हवेत, कारण ही दोन्ही औषधं मुळात प्रथिनंच, नाहीतर महागडं प्रथिन पडद्यालाच बसायचं. इटोपोसाइडमध्ये स्फटिक पडतात ते बाटली जास्त तीव्र केली तर. तिथे खरा उपाय पुरेशा सलाइनमध्ये पातळ करणं हाच. हे पाठ करून लक्षात राहत नाही. राहूही नये असं माझं मत आहे, कारण पाठांतरावर विसंबलेलं माणूस पत्रक उघडत नाही.

आता पैशांचं आणि दुकानाचं बोलते. मोठ्या रुग्णालयांत औषध, सेट, फिल्टर सगळं आतूनच येतं. लहान शहरांत अजूनही नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देतात आणि तो मेडिकलमध्ये जातो. चिठ्ठीवर औषधाचं नाव ठळक, सेट आणि फिल्टर खाली बारीक अक्षरांत. कधी दुकानात तो सेट नसतो आणि काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘हा साधा घ्या, चालतो.’ कधी नातेवाईकच विचारतो, एवढ्या नळीला एवढे पैसे कशाला? त्याचा राग येत नाही. त्यानं गावाकडे उसनवारी करून पैसे आणलेले असतात आणि त्याला कोणीच सांगितलेलं नसतं की ही नळी औषधाइतकीच औषध आहे. मला राग येतो तो ती चिठ्ठी लिहिणाऱ्या व्यवस्थेचा. फिल्टर लागणाऱ्या औषधाची कुपी आणि तिचा सेट एकाच बिलावर, एकाच पाकिटात द्यायला काय हरकत आहे? काही कंपन्या पॅक्लिटॅक्सेलसोबत सेट देतात. जिथे देत नाहीत तिथे रुग्णालयानं ते जुळवून ठेवावं. सुटा विकला की फिल्टर ‘वरखर्च’ होतो, आणि तंगीत माणूस आधी वरखर्चच काढून टाकतो.

त्याहून मला छळणारी गोष्ट वेगळी. पूर्वी मी जिथे काम करायचे तिथे गर्दीच्या दिवशी एक वाक्य ऐकू यायचं: ‘फिल्टरमुळे ड्रिप अडतेय, काढून टाक, पळेल.’ खरंच पळते. फिल्टर काढला की थेंब धावायला लागतात, तीन तासांचं काम वेळेत उरकतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण फिल्टर अडतोय म्हणजे काय होतंय? एक तर भरताना त्यात हवा राहिली आहे, किंवा क्लॅम्प अर्धवट आहे, किंवा हात दुमडलाय, किंवा मग फिल्टर ज्यासाठी बसवला होता तेच घडतंय. पडद्यावर काहीतरी साचतंय. नेमक्या त्याच क्षणी तो काढून टाकायचा? अशा वेळी बाटली बंद करायची, आधी शीर बघायची, नळी बघायची, मग बाटलीकडे निरखून बघायचं. ती कधी तयार केली, कशात, किती प्रमाणात, हे विचारायचं. शंका आली तर ती बाटली आणि तो सेट बाजूला काढून फार्मासिस्ट आणि डॉक्टरांना बोलवायचं. आणि काही झालं तरी सिरिंजनं जोर लावून फिल्टर मोकळा करायचा नाही. छोट्या सिरिंजनं दाब फार येतो, पडदा फाटतो, आणि फाटलेला पडदा बाहेरून ओळखू येत नाही. तेव्हा मी नवीन होते, बोलले आणि ऐकून घ्यावं लागलं. आज माझ्या हाताखालच्या मुलींनी मला अडवून हेच सांगितलं तर मला अभिमान वाटतो.

फिल्टर लावण्यातही वेळ द्यावा लागतो. आधी नळी आणि फिल्टर साध्या द्रावणानं सावकाश भरायचा, बाणाची दिशा बघायची, डबी उभी धरून आतली हवा जाऊ द्यायची. जोडायचा तो पेशंटच्या जितका जवळ तितका बरा, म्हणजे त्याच्यानंतर नळीत काही मिसळायला जागा राहत नाही. फिल्टरनंतरच्या भागात पुन्हा काही टोचलं तर सगळी मेहनत वाया. एका पेशंटचा फिल्टर एका वेळेपुरता. ‘पुढच्या सायकलला हाच धुऊन वापरू का?’ असं एका आजोबांनी विचारलं होतं. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस, त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना शांतपणे नाही म्हणून सांगितलं.

शेवटचा भाग घाईत सगळ्यात जास्त राहून जातो. बाटली रिकामी झाली की नातेवाईक उठून उभे राहतात. ‘संपलं ना, काढा आता.’ पण नळीत आणि फिल्टरच्या पोटात अजून औषध शिल्लक असतं, तोही डोसचाच भाग. ते मागून साध्या द्रावणानं सावकाश पुढे सरकवावं लागतं. त्यानंतर सगळं न सोडवता, जसंच्या तसं, पिवळ्या पिशवीत सायटोटॉक्सिक कचरा म्हणून टाकायचं. या सगळ्याला वेळ लागतो आणि लांबून आलेल्या माणसाचा जीव शेवटच्या गाडीत अडकलेला असतो. म्हणून शहादा-नंदुरबारकडच्या पेशंटांच्या बाटल्या मी सकाळी सगळ्यांत आधी लावून घेते, आणि नाशिकच्या पेशंटांना दुपारची वेळ देते. त्यांच्यातल्या एकाही माणसानं आजवर तक्रार केलेली नाही.